स्तंभांचा क्रम कोण लावतो?

मे २०२० मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने संकेतस्थळावर कोविडचा एक आलेख टाकला. सर्वाधिक रुग्णांच्या पाच काउंटी, म्हणजे तिथले जिल्हे, आणि सुमारे दोन आठवड्यांच्या तारखा. दर तारखेला पाच रंगांचे पाच स्तंभ. शाळेत शिकवतात तो जोडस्तंभालेखच, फक्त दोनाऐवजी पाच स्तंभांचा. डावीकडे उंच, उजवीकडे ठेंगणे. साथ ओसरल्याचे दिलासादायक चित्र!

खालच्या तारखा मात्र वेगळेच सांगत होत्या. ३० एप्रिलनंतर ४ मे, ७ मेनंतर चक्क २६ एप्रिल. तारखा कालक्रमाने नव्हे, तर स्तंभांच्या उतरत्या उंचीनुसार लावल्या होत्या. गटातले जिल्हेही तारखेगणिक जागा बदलत होते. राज्यात व्यायामशाळा आणि सलून नुकतीच उघडली होती. टीका होताच आलेख दुरुस्त झाला, गव्हर्नरांच्या कार्यालयाने माफीही मागितली. हेतूवर वाद झाला. पण असे चित्र हेतूशिवायही तयार होऊ शकते, हे जास्त काळजीचे.

ब्राउझरमध्ये असे आलेख जावास्क्रिप्टच्या कोडने काढतात. २०११ पासून उपलब्ध असलेल्या ‘डी-थ्री’ या लोकप्रिय साधनात जोडस्तंभालेखासाठी सहसा दोन मोजपट्ट्या वापरतात: एक रुंदी गटांत वाटते, दुसरी गटातली जागा स्तंभांत. दोन्ही पट्ट्या यादी ज्या क्रमाने मिळेल तोच क्रम पाळतात. तारीख मजकूर म्हणून दिली, तर तो काळ आहे हे संगणकाला कळत नाही. पिकांची किंवा आजारांची तुलना करताना उतरता क्रम सोयीचा असतो. काळाच्या अक्षावर तो दिशाभूल करतो.

मराठीत तर आणखी गंमत. महिन्यांची नावे जावास्क्रिप्टच्या साध्या क्रमवारीला दिली, तर एप्रिलमागून ऑक्टोबर, मग ऑगस्ट आणि त्यानंतर जानेवारी येतो. पावसाळ्यातल्या डेंग्यूचा आलेख असा निघाला, तर साथ कधी चढली हेच कळणार नाही.

म्हणून सार्वजनिक आरोग्याच्या आलेखासोबत त्याची आकडेवारी आणि कोड खुला असायलाच हवा. काळाचा क्रम कोडमध्ये स्पष्ट लिहिलेला, प्रत्येक जिल्ह्याची जागा आणि रंग सर्व गटांत तोच, उंचीची पट्टी शून्यापासून. कोड कोण वाचणार, असे अधिकारी विचारतील. थोडेच लोक वाचतील, पण चूक पकडायला एखादाही पुरतो. जॉर्जियातली गडबड उघड झाली, कारण तारखा अक्षाखाली छापलेल्या होत्या. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर जागा कमी पडली, की अनेक आलेख-साधने मधल्या तारखा गाळतात. तेव्हा वाचकाला दिसतो तो केवळ उतार.