पायी चालणाऱ्याला गुण किती?

संगणकावर नगर वसविण्याचा व त्यातील वाहतूक हाकण्याचा खेळ आजच्या विद्यार्थ्यांना नवा नाही. 1989 मध्ये विल राइट यांचा ‘सिमसिटी’ बाजारात आला. 2015 मध्ये फिनलंडमधील कोलोसल ऑर्डर या लहानशा कंपनीने ‘सिटीज : स्कायलाइन्स’ काढला आणि त्यात वाहतूक हाच खेळाचा कणा ठरला. चौक चुकला, की मोटारींची रांग वेशीपर्यंत जाते आणि रुग्णवाहिकाही तीत अडकून पडते. असा एखादा खेळ धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपल्याच गावांसाठी रचावा, ही सूचना प्रथमदर्शनी चैनीची वाटेल. 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत ज्याची गणना झाली, त्याने खेळ कसले करावेत, असे कोणी विचारल्यास त्यास दोष देता येणार नाही. परंतु ज्या जिल्ह्यात तुळजापूर आहे, त्या जिल्ह्याला गर्दीचे गणित स्वतः मांडणे भाग आहे. ते दुसऱ्याने मांडले, तर कसे मांडले जाते हे पाहण्यासारखे आहे.

खेळ निःपक्षपाती असतो, हा समज मुळातच चुकीचा आहे. ‘सिमसिटी’ची प्रेरणा जे फॉरेस्टर यांच्या 1969 मधील ‘अर्बन डायनॅमिक्स’ या ग्रंथात होती. फॉरेस्टर यांनी शहराभोवतीचा प्रदेश अमर्याद मानला. तेथून माणसे येत व तेथेच जात, त्या प्रदेशाचे काय होते याचा हिशेब मात्र प्रतिरूपात नव्हता. आजूबाजूच्या खेड्यांवरच ज्यांचा बाजार चालतो, त्या कळंब किंवा उमरग्यासारख्या गावांना हे गृहीतक कसे मानवेल? वाहनतळाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. ‘सिमसिटी’च्या 2013 च्या आवृत्तीचे प्रमुख रचनाकार स्टोन लायब्रंड यांनी एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले, की वाहनतळांना त्यांची खरी जागा दिली असती तर खेळ कंटाळवाणा झाला असता. म्हणून खेळात ती जागा खऱ्यापेक्षा बरीच कमी ठेवली गेली. यात्रेच्या दिवसांत तुळजापुरात गाडी कोठे उभी करावी, हा ज्याच्यापुढचा पहिला प्रश्न असतो, त्याला या सोयीचे हसू येईल.

वाहतुकीच्या शास्त्रातही हीच अडचण आहे. 1992 मध्ये नागेल व श्रेकेनबर्ग या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी रस्त्याचे साडेसात मीटरचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनात फार तर एक मोटार ठेवली आणि अपघात वा अडथळा नसतानाही कोंडी कशी उद्भवते हे दाखवून दिले. हे प्रतिरूप सुंदर आहे. पण ते रांगेत चालणाऱ्या मोटारींचे आहे. आपल्याकडे त्याच साडेसात मीटरांत दोन फटफट्या, एक टमटम आणि उताऱ्यासाठी मधेच थांबलेली काळी-पिवळी मावते. गळिताच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर आला, तर एक चौकोन त्याला पुरतच नाही.

यावर भारतीय अभियंत्यांनी काढलेला तोडगा म्हणजे मोटार-एकक. ग्रामीण रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने 1990 मध्ये दिलेल्या कोष्टकानुसार मोटार म्हणजे एक, फटफटी अर्धा, बस तीन, ट्रॉलीसह ट्रॅक्टर साडेचार आणि मोठी बैलगाडी आठ. पायी चालणाऱ्यास या कोष्टकात अंकच नाही. रस्त्याची क्षमता मोजण्यापुरते हे ठीक आहे. परंतु खेळात हेच अंक गुणांकनासाठी वापरले, की अनर्थ ओढवतो. समजा, पन्नास उतारूंची एस.टी. एक मिनिट थांबवून प्रत्येकी तीन माणसांच्या तीन मोटारी पुढे सोडल्या. वाहने मोजली, तर तिघांचा लाभ व एकाची हानी, खेळाडूला शाबासकी. माणसे मोजली, तर नवांसाठी पन्नास थांबले. पायी चालणाऱ्यांस तर शून्यच दिले असल्यामुळे त्यांना रस्त्याच्या कडेला अहोरात्र तिष्ठत ठेवणारा खेळाडू पूर्ण गुण मिळवील!

आश्विन पौर्णिमेला सोलापूरहून घाट चढून तुळजापूरला भाविकांचा जो पायी ओघ लागतो, त्याच्यासाठी तो रस्ता वाहनांना बंद करून वाहतूक दुसरीकडे वळवावी लागते. त्या रात्री चालणारा हाच वाहतूक असतो आणि मोटार हा अडथळा. 2011 च्या जनगणनेत ज्या गावाची लोकसंख्या सुमारे 34 हजार होती, त्याला हा भार पेलावा लागतो.

अर्थशास्त्रानेही येथे हात झटकू नयेत. रस्त्यांच्या लाभ-व्यय विश्लेषणात वेळेची किंमत बहुधा उत्पन्नावरून ठरविली जाते. साहजिकच मोटारमालकाचे मिनिट महाग आणि पायी येणाऱ्या शेतमजूर बाईचे स्वस्त ठरते. ही किंमत निसर्गाने नेमून दिलेली नाही. विद्यार्थ्याने स्वतः गुणांकनाचे कोष्टक लिहिले, एकदा मिळकतीने व एकदा डोई एक या हिशेबाने, आणि त्याच चौकाचे दोन वेगवेगळे ‘उत्तम’ नियोजन पडद्यावर पाहिले, तर कल्याणाच्या अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तकातील दहा पाने त्याला सहज उमगतील.

खर्चाची सबब फारशी टिकणारी नाही. जर्मनीच्या अंतराळ संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘सुमो’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते, पवईच्या आय.आय.टी.त तिच्या आधारे मिश्र वाहतुकीसाठी कामही झालेले आहे. विद्यापीठाच्या धाराशिव येथील उपपरिसराने आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांनी मिळून एकच चौक व एकच रात्र निवडली, तरी प्रारंभास पुरेसे आहे. खरे कष्ट मोजणीचे आहेत. वही-पेन्सिल घेऊन चौकात उभे राहावयाचे, बसमधील डोकी मोजावयाची आणि चालणाऱ्यांसाठी आधी एक रकाना आखावयाचा. आश्विन पौर्णिमा हुकली, तर पुढील मोजणीसाठी वर्षभर थांबावे लागेल.