चार सामन्यांचा पंचनामा

सांताक्रूझ पूर्वेला स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर आमची पाच-सहा जणांची बैठक असते. मुंबई सिटी एफसीचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे हजर. हंगामाच्या सुरुवातीला या बैठकीत दोन पक्ष असतात. एक म्हणतो, कोच बदला. दुसरा म्हणतो, यंदा चषक आपलाच. यातला कुठला पक्ष बोलणार हे आदल्या रात्रीच्या निकालावर ठरतं. माणसं तीच असतात.

शितावरून भाताची परीक्षा, हे या मंडळींचं आवडतं शास्त्र. तीन-चार सामने म्हणजे शीत, उरलेला हंगाम म्हणजे भात. ऐकायला चोख वाटतं. पण ज्याने कधी मोठ्या पातेल्यात भात लावला आहे त्याला ठाऊक असतं, की वरचं शीत शिजलेलं असतं आणि मधे कणी राहिलेली असते. कधी वर कच्चा आणि खाली करपलेला असतो. शीत कुठल्या थरातलं काढलं, हे विचारल्याशिवाय परीक्षा करणाऱ्याने तोंड उघडू नये.

आधी निराशावाद्यांकडे वळू. २ ऑक्टोबर २०१८. गांधी जयंतीची सुट्टी, हंगामातला पहिलाच सामना, तोही घरच्या मैदानावर, अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात. जमशेदपूरने आम्हाला ०-२ असं हरवलं. आझादनगरहून मेट्रोने अंधेरीला आलो, स्लो लोकल पकडली. अंधेरी ते सांताक्रूझ मधे एकच स्टेशन, विलेपार्ले. माझ्या मित्राने पार्ल्याच्या आत जोर्जे कोस्टा यांना काढून टाकलं होतं आणि सांताक्रूझ यायच्या आत नवा कोच नेमला होता. कोस्टा म्हणजे २००४ साली पोर्टोचा कर्णधार म्हणून चॅम्पियन्स लीगचा करंडक उचललेला माणूस. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या आमच्या निवड समितीला त्याचं काय!

पुढे कोचीत केरळ ब्लास्टर्सशी १-१ बरोबरी झाली, तीही अगदी शेवटच्या क्षणी प्रांजल भूमिजने गोल केला म्हणून. मग पुण्याला २-० हरवलं. आणि २४ ऑक्टोबरला फातोर्ड्यात एफसी गोवाने आमचा ५-० असा धुव्वा उडवला. चार सामने, चार गुण, तीन गोल केलेले, आठ खाल्लेले. टपरीवर त्या दिवशी चहासुद्धा कुणी दुसऱ्यांदा मागवला नाही.

त्याच टीमने नंतर सामन्यांमागून सामने न हरता काढले. डिसेंबरात त्याच केरळला अंधेरीत ६-१ असं लोळवलं, त्यात एकट्या मोदू सुगूचे चार गोल. साखळी संपली तेव्हा आम्ही तिसरे होतो आणि उपांत्य फेरीत होतो. पार्ल्याच्या आत काढून टाकलेल्या कोचने हे केलं. कोस्टा ऑगस्ट २०२५ मध्ये गेले, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी. बातमी वाचली तेव्हा मला आधी ती लोकल आठवली आणि थोडी लाज वाटली.

दुसरा दाखला तर निराशावाद्यांना निरुत्तर करणारा आहे. नोव्हेंबर २०२०. कोविडमुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांवर; आम्ही घरी टीव्हीसमोर. सर्जियो लोबेरा नवे कोच, वास्कोच्या टिळक मैदानावर पहिला सामना, समोर नॉर्थईस्ट युनायटेड. मध्यंतराच्या आधीच अहमद जाहूला लाल कार्ड मिळालं, नंतर पेनल्टीवर गोल बसला, ०-१. आमच्या बैठकीच्या ऑनलाइन अवताराने त्याच रात्री निकाल दिला: पैसे पाण्यात. १३ मार्च २०२१ च्या रात्री, ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने एटीके मोहन बागानच्या जाळ्यात चेंडू मारला आणि मुंबईने २-१ असा अंतिम सामना जिंकला. साखळीची शील्ड त्याआधीच आली होती. एकाच हंगामात शील्ड आणि चषक दोन्ही घेणारा इंडियन सुपर लीगमधला हा पहिला संघ.

आता आशावाद्यांची पाळी. त्यांना २०१४ आठवत नाही. मुंबई सिटीचं पहिलंच वर्ष, पहिलाच सामना कोलकात्यात ०-३ असा गमावला. सहा दिवसांनी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर पुण्याला ५-०, आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक, स्पर्धेच्या इतिहासातली पहिली. त्या रात्री आम्हाला वाटलं, मुंबईत फुटबॉल परत आला. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाल्यापासून आम्ही असल्या एखाद्या रात्रीची वाट पाहत होतो. हंगाम संपला तेव्हा आठ संघांत आम्ही सातवे.

२०२१ चा दाखला त्याहून बोचरा आहे. डेस बकिंगहॅम यांचा पहिला हंगाम. पहिल्या सहा सामन्यांत पाच विजय, पंधरा गुण, सतरा गोल. एटीके मोहन बागानला ५-१. त्या डिसेंबरात आमच्यातल्या एकाने अंतिम सामन्याच्या दिवशी घरी कोणाकोणाला बोलवायचं याची यादी केली होती. १९ डिसेंबरला केरळने ३-० हरवलं आणि मग टीमला जिंकायचं कसं हेच आठवेना. शेवटी पाचवा क्रमांक, उपांत्य फेरीच्या दाराबाहेर.

म्हणजे वाईट सुरुवात करून दुहेरी मुकुट, आणि सोन्यासारखी सुरुवात करून पाचवा नंबर. इथे एक तिसरा पक्ष घसा खाकरतो. आमच्या बैठकीतले एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते म्हणतात, ‘‘अरे, म्हणूनच सांगतो, दहा सामने होईपर्यंत काही बोलूच नये.’’ हे मत शहाणपणाचं वाटतं, म्हणून ते जास्त घातक आहे. निराशावादी निदान सामना बघतो. दहा सामने थांबणारा माणूस प्रत्यक्षात गुणतक्ता बघत असतो, आणि दहाव्या सामन्यानंतर तक्ता जे सांगेल तेच स्वतःचं मत म्हणून सांगतो. शिवाय २०२६ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या हंगामात चौदा संघ आणि प्रत्येकाला तेराच सामने. दहा होईपर्यंत गप्प बसायचं, तर बोलायला उरतात तीन! ‘‘मग आपण उपास सोडायचा तो थेट पारण्यालाच,’’ असं मी अण्णांना म्हटलं. ते हसले, पण मत बदललं नाही.

सुरुवातीचे सामने काहीच सांगत नाहीत, असं माझं म्हणणं नाही. ते बरंच सांगतात. फक्त ते गुणांमधून सांगत नाहीत, आणि आम्ही नेमके गुण मोजत बसतो.

पुन्हा २०१८ कडे चला. गोव्याकडून झालेली ०-५ ही हार आम्ही ‘वाईट दिवस’ म्हणून खात्यातून वजा केली होती. नंतरचे विजय पाहता ते बरोबरही वाटलं. मार्चमध्ये उपांत्य फेरीत समोर कोण आलं? गोवाच. अंधेरीत, आमच्याच प्रेक्षकांसमोर, आम्ही आधी १-० आघाडी घेतली आणि मग पाच गोल खाल्ले. १-५. ऑक्टोबरात फातोर्ड्यात सहाव्या मिनिटाला पेनल्टी बसली, मध्यंतरापर्यंत ०-१ होतं, उरलेले चार गोल उत्तरार्धातले. दोन्ही वेळा एकच आजार: गोल बसला की बांध फुटायचा आणि तो कुणाला बुजवता यायचा नाही. लक्षण पाच महिने आधी दिसलं होतं. गुणतक्त्याने ते झाकलं आणि आम्ही झाकू दिलं.

२०२०-२१ घ्या. ज्या नॉर्थईस्टने पहिल्या सामन्यात हरवलं, त्यानेच जानेवारीच्या अखेरीस २-१ असं पुन्हा हरवून आमची बारा सामन्यांची अपराजित घोडदौड थांबवली. चॅम्पियन संघाला एकाच प्रतिस्पर्ध्याने दोन्ही वेळा पाडलं. २०२१-२२ च्या त्या पहिल्या सहांतला एकमेव पराभव कुणाकडून? हैदराबादकडून, ३-१. त्या वर्षीचा चषक हैदराबादनेच नेला. २०२२-२३ मध्ये तर हंगाम सुरू व्हायच्या आधीच, १८ सप्टेंबरला ड्युरंड चषकाच्या अंतिम सामन्यात बेंगळुरूने आम्हाला २-१ हरवलं. साखळीत आम्ही अठरा सामने हरलो नाही, शील्ड घेतली. ती मालिका बेंगळुरूनेच तोडली आणि उपांत्य फेरीत पेनल्टी शूटआउटमध्ये ९-८ ने घरी पाठवलं तेही बेंगळुरूनेच.

चार दाखल्यांचा नियम होत नाही, हे मलाही कळतं. पण टपरीवरच्या पुराव्यांपेक्षा हे नक्कीच बरे आहेत. सुरुवातीच्या पराभवात बघायचं ते असं: आपल्याला कुणी हरवलं, आणि कुठल्या वाटेने आत शिरून हरवलं. किती गुण गेले हा हिशेब नंतरचा. शीत हातात घेतलंच आहे, तर ते दाबून बघा. नुसतं मोजून काय कळणार?

यावर आमचा तो दारात उभा राहणारा मित्र म्हणतो, ‘‘म्हणजे मी बरोबरच होतो की! रोग दिसला होता, डॉक्टर बदलायला हवा होता.’’ हा युक्तिवाद सोडून देण्यासारखा नाही. डॉक्टर बदलणं हा कधीकधी उपाय असतोही; गोव्याची ती टीम घडवणारे लोबेरा, त्यांचा जाहू आणि उपांत्य फेरीत आम्हाला दोन गोल ठोकणारा मुर्तादा फॉल, हे सगळे २०२० मध्ये मुंबईने आपल्याकडे आणले आणि दुहेरी मुकुट जिंकला. पण ते हंगामाच्या आधी, विचार करून केलेलं काम होतं. पराभवाच्या रात्री रागाने केलेलं नव्हतं. घाईचं उदाहरण शोधायला तर शहराबाहेर जावं लागत नाही. खालिद जमील यांनी मुंबई एफसीला, म्हणजे कूपरेजवाल्या जुन्या क्लबला, सात वर्षं आय-लीगमध्ये तगवून ठेवलं. कंटाळवाणा खेळ, बचावात्मक खेळ अशी आमची रोजची कुरकूर. २०१६ मध्ये त्यांचा आणि क्लबचा काडीमोड झाला. पुढच्याच हंगामात खालिदनी ऐझॉलला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं आणि मुंबई एफसी त्याच हंगामात तळाला जाऊन लीगबाहेर पडली. आज खालिद भारतीय संघाचे प्रशिक्षक आहेत. कुरकूर करणाऱ्यांत मीही होतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

आणि लक्षण ओळखून त्याच माणसांनी, त्याच हंगामात इलाज केला तर काय होतं, तेही पाहिलंय. १५ एप्रिल २०२४ ला मोहन बागानने कोलकात्यात आम्हाला २-१ हरवून शील्ड हातातून काढून घेतली. एकोणीस दिवसांनी, ४ मे रोजी, तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी, अंतिम सामना. मध्यंतराच्या तोंडावर गोल खाल्ला. २०१८ ची टीम असती तर इथे बांध फुटला असता. पेत्र क्रात्की यांच्या टीमने उत्तरार्धात तीन गोल केले आणि ३-१ असा चषक आणला. डिसेंबरात, हंगामाच्या मध्यावर आलेला कोच होता तो. त्याच्या पहिल्या चार सामन्यांवरून त्याची किंमत ठरवली असती तर आपण काय ठरवलं असतं, कोण जाणे.

हे सगळं टीव्हीवर दिसत नाही, ही खरी अडचण आहे. कॅमेरा चेंडूमागे धावतो. लक्षण चेंडूपासून लांब असतं. म्हणून मी मैदानात जातो. अंधेरीचं मैदान लहान आहे, गॅलरी खेळापासून जवळ. वेस्ट कोस्ट ब्रिगेडचे ढोल एका बाजूला, मी त्यांच्यापासून जरा दूर, कारण मला ऐकू यायला हवं. गोलरक्षक बचावफळीला ओरडून काय सांगतो, ते तिथे ऐकू येतं. चेंडू हातचा गेला की पहिल्या पाच पावलांत कोण मागे वळतो आणि कोण कमरेवर हात ठेवून पंचाकडे बघतो, ते दिसतं. साठाव्या मिनिटानंतर दोन फळ्यांमधलं अंतर वाढत जातं, ते वरच्या पायऱ्यांवरून अगदी डोळ्यांनी मोजता येतं. खिशात एक छोटी वही असते. पहिल्या चार-पाच सामन्यांत मी त्यात गोल लिहीत नाही. गोल दुसऱ्या दिवशी पेपरात मिळतात.

सिटी फुटबॉल ग्रुपने डिसेंबर २०२५ मध्ये क्लबमधून अंग काढून घेतलं, तेव्हापासून टपरीवर नवं वाक्य सुरू झालंय: ‘‘आता बघायला काय जायचं?’’ आधी टीम हरते म्हणून, मग महिंद्रासारखी बंद पडेल म्हणून. मला वाटतं, नेमकं आत्ताच जायला हवं. पैसेवाला मालक असताना गॅलरी रिकामी राहिली तरी चाललं. आता नाही चालणार.

तेव्हा मित्रहो, हंगामाच्या पहिल्या घरच्या सामन्यावरून कोचला काढायचं असेल तर खुशाल काढा, पण टपरीवरून नको. सांताक्रूझहून स्लो लोकल, अंधेरीला मेट्रो, आझादनगरला उतरायचं. माझ्या शेजारची जागा बहुतेक वेळा रिकामीच असते. येताना एक वही आणा.