वृत्ति अपत्याची, भाडें घराचें

अपंग अपत्य सज्ञान झालें, कीं त्याच्या निर्वाहाची चिंता मातापित्यांस अधिकच ग्रासते. परदेशीं हा भार पुष्कळ अंशीं सरकार उचलतें. परंतु एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेतलें जातें काय, हें सुज्ञ वाचकांनीं पाहण्यासारखें आहे.

अमेरिकेंत १९७४ पासून चालू असलेल्या 'सेक्शन आठ' योजनेंत कुटुंबानें सूट वजा जातां उरलेल्या उत्पन्नाच्या साधारणतः शेंकडा ३० इतकें भाडें द्यावयाचें. बाकीच्याची तजवीज सरकार करतें. अपंग अपत्यास १८ वर्षांनंतर, आईबापांचें उत्पन्न न पाहतां, स्वतःची निर्वाहवृत्ति मिळूं शकते. तीही घराच्या उत्पन्नांत धरतात. अर्थात् वृत्ति १०० डॉलरांनीं वाढली, कीं भाडें सुमारें ३० नीं चढतें. अपंग आश्रितापोटीं थोडी सूट मिळते, इतकेंच.

ब्रिटनमधील 'युनिव्हर्सल क्रेडिट'मध्यें २१ वर्षांवरील अपत्य घरीं असल्यास भाडेसाहाय्यांतून कपात होते. मात्र त्यास अपंगभत्त्याचा 'दैनंदिन जीवन' हा भाग मिळत असल्यास ती होत नाहीं.

निर्वाहांत निवाराही येतो, हें खरें. तथापि पंगुत्वाचा जादा खर्च उत्पन्नाच्या आंकड्यांत दिसत नाहीं. म्हणून ब्रिटनची रीत आम्हांस अधिक न्याय्य वाटते.

अमेरिकेंत आणखी एक खांच आहे. अपत्यानें निवाऱ्याचा आपला वाटा न दिल्यास त्याच्या वृत्तीसच कात्री लागूं शकते. म्हणून तेथें राहणाऱ्या आप्तांनीं तो वाटा दरमहा घ्यावा, व त्याची लेखी नोंद ठेवावी. मायेच्या व्यवहारासही हिशेबाची जोड असावी.