जाहीर आवाहन : रामनवमीच्या वर्गणीत पाण्याचाही वाटा

जांब समर्थचे ग्रामस्थ, घनसावंगी तालुक्यातले शेतकरी, नोकरीधंद्यासाठी पुणे-मुंबई-संभाजीनगरला गेलेली गावची मंडळी आणि रामनवमीला समर्थ रामदासांच्या जन्मस्थानी येणारे भाविक, या सर्वांना हे आवाहन आहे. उत्सवाची वर्गणी दरसाल दिली जाते, तशीच ती यंदाही द्यावी. मात्र तिच्या जोडीला पाण्यासाठी एक वाटा वेगळा काढावा, आणि तो शिवारातल्या बंधाऱ्यांचा व नाल्यांचा गाळ उपसण्यासाठीच खर्च व्हावा.

या कामाला चैत्रासारखा दुसरा मुहूर्त नाही. ज्वारी-हरभरा घरात आलेला असतो, हातात चार पैसे असतात. विहिरी तळाला जाऊ लागलेल्या असतात आणि नाल्यांची पात्रं उघडी पडलेली असतात. मृग लागला की चिखलात मशीन उतरत नाही आणि वर्ष वाया जातं. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरचं पाणी पाजूनही जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. पोटच्या पोरासारखी जपलेली झाडं शेतकऱ्यांनी स्वतः तोडली. ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना पाण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

घरोघरी जाऊन मागण्याची रीत या गावाला परकी नाही. १६०८ साली रामनवमीला इथल्या ठोसरांच्या घरी जन्मलेला नारायण पुढे समर्थ रामदास झाला. त्यांनी मठोमठीच्या शिष्यांना भिक्षेचा नेम घालून दिला. दासबोधाच्या चौदाव्या दशकातला दुसरा समास भिक्षेवरच आहे. भिक्षेने ओळखी होतात, असं समर्थ तिथे सांगतात. दारोदार फिरणाऱ्याला कोणाच्या घरी काय अडलं आहे तेही कळतं. वर्गणी मागायला निघालेल्या तरुणांनी एवढं ध्यानात ठेवावं.

वर्गणीतून गाळ उपसण्याचा धडा जालना शहराने गिरवलेला आहे. निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडी तलाव शहराची तहान भागवत आला. तो गाळाने भरत चालला तेव्हा नागरिक एकत्र आले आणि घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभा राहिला. व्यापारी, उद्योजक, सामान्य माणसं यांनी पैसा दिला, मशीनने गाळ निघाला आणि शेतकऱ्यांनी तो आपापल्या रानात नेऊन टाकला.

या व्यवहारात दोन्हीकडून फायदा आहे. बंधाऱ्यातून जेवढा गाळ निघतो तेवढी पाण्याला जागा होते. तोच काळा, चिकण गाळ मुरमाड रानात पसरला की ओल जास्त दिवस टिकते, कारण पावसाने वाहून गेलेली ती रानाचीच माती असते. २०१७ पासून शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजनाही याच पायावर उभी आहे. खर्चाची मोठी बाब म्हणजे मशीनचं भाडं आणि डिझेल. ट्रॉलीची वाहतूक शेतकऱ्याने आपल्या अंगावर घेतली, तर वर्गणीचा पैसा थेट खोदाईला लागतो.

थोड्या पैशाने काय होणार, असं कोणी म्हणू नये. अंताजी दामोदर काळे यांनी पैशापैशाने वर्गणी जमवून पैसा फंड उभा केला, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. रोटरी क्लबांनी १९८५ मध्ये पोलिओविरुद्ध जगभर निधी उभारायला सुरुवात केली. सरकारं आणि लाखो स्वयंसेवक सोबत होते. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. दोन्ही ठिकाणी मागणारे वर्षानुवर्षं दारात येत राहिले आणि देणाऱ्यांना पैसा कुठे जातो ते ठाऊक होतं.

म्हणून हिशेब चोख हवा. नोंदणी नसलेल्या मंडळाने सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क खालची परवानगी आधी घ्यावी. बंधारा ज्या विभागाचा असेल, त्याचीही परवानगी हवी. पाण्याच्या वाट्याचं पावतीपुस्तक निराळं असावं. पावतीवर अनुक्रमांक, आकडी व अक्षरी रक्कम आणि घेणाऱ्याची सही हवी, आणि खालची कार्बन प्रत पुस्तकातच राहावी. पन्नास रुपये देणाऱ्या मजुरालाही पावती मिळालीच पाहिजे. मोठी रक्कम देणाऱ्यांनी ती बँकेतून द्यावी. संस्थेकडे ८०जी असलं, तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही.

ज्याला पैसे जमत नाहीत त्याने पायलीभर ज्वारी द्यावी, ट्रॅक्टरवाल्याने एक दिवस ट्रॉली द्यावी, तरुणांनी बांधबंदिस्तीला हात लावावा. बायाबापड्यांच्या बचत गटांनी पावतीपुस्तक सांभाळलं तर हिशेब आणखी पक्का राहील.

पाडव्याच्या आधी ग्रामसभेत बंधारा ठरवावा आणि परवानग्यांचे अर्ज द्यावेत. पाडवा ते रामनवमी हे नऊ दिवस घरोघर फिरावं. हनुमान जयंतीला जमा रकमेचा आकडा मंदिरासमोरच्या फळ्यावर लिहावा. अक्षय तृतीयेला मशीन लावावं आणि मृगाआधी काम आटोपून खर्चाची पै न् पै पुन्हा ग्रामसभेत वाचून दाखवावी. उत्सवाला येणाऱ्या प्रत्येकाने यंदा दोन पावत्या फाडाव्यात, एक रामाच्या उत्सवाची आणि एक गावच्या पाण्याची, ही कळकळीची विनंती.