नाट्यगृह जनतेचे, प्रयोग ठेकेदाराचा

पावसाळा ओसरून दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत भिंतींना नवा रंग चढतो. एका फलकावर नऊवारीतील नर्तकींची रांग आणि खाली ‘दुपारचा खेळ खास महिलांसाठी’ अशी ओळ. शेजारच्या फलकावर अंधारातून पुढे आलेला हातमोजा, रक्ताचा ठिपका आणि ‘शेवट कोणालाही सांगू नका’ अशी विनंती. येत्या हंगामात नगरपालिकेच्या नाट्यगृहाची वही उघडून पाहावी, तर लावणीचे नृत्यप्रयोग आणि खुनाची रहस्यनाटके यांच्याच नोंदी आलटून पालटून दिसतील. मधल्या तारखा सत्कार समारंभांनी, पक्षमेळाव्यांनी आणि वधूवर परिचयाच्या कार्यक्रमांनी व्यापलेल्या असतील.

या दृश्यावर दरवर्षी ठरलेला वाद होतो. संमेलनाच्या व्यासपीठावरून सांगितले जाते की, प्रेक्षकाची अभिरुची घसरली, गंभीर नाटकाला आता वाली उरला नाही. निर्माते आणि ठेकेदार त्यावर उत्तर देतात की, लोकांना हेच हवे आहे, मग दुसरे आणायचे कोणासाठी? वरवर पाहता हे दोन पक्ष परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात दोघेही एकाच आरोपीकडे बोट दाखवीत असतात, आणि तो आरोपी म्हणजे तिकीट काढून खुर्चीवर बसलेला सामान्य माणूस. हा आरोप खोटा आहे. जिल्ह्याच्या रंगमंचावर काय यावे हे प्रेक्षक ठरवीत नाही. त्याच्यापर्यंत निवड पोहोचण्याच्या आधीच ती दुसरीकडे झालेली असते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नृत्य आणि रहस्य हे हलके प्रकार आहेत, असे मानण्यास कोणताही आधार नाही. अगाथा ख्रिस्तीच्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकाचा पहिला प्रयोग लंडनमध्ये झाला नाही. तो ६ ऑक्टोबर १९५२ रोजी नॉटिंगहॅम या प्रांतिक शहरात झाला, आणि गावोगावचा दौरा करून ते नाटक नोव्हेंबरमध्ये राजधानीत पोहोचले. आपल्याकडे १९६२ साली रंगभूमीवर आलेले आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ हे एका ठकाच्या खटल्यावरच उभे आहे. न्यायालय, साक्षी आणि फिरता रंगमंच यांच्या जोरावर त्याने पांढरपेशा आणि कष्टकरी अशा दोन्ही प्रेक्षकांना एकाच छपराखाली बसविले. लावणीची परंपरा तर होनाजी बाळा, रामजोशी, पठ्ठे बापूराव यांची आहे. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, तो काही कोणाच्या बिघडलेल्या अभिरुचीमुळे नव्हे. एकेकाळी केवळ पुरुषांनी पाहावयाचा मानलेला हा प्रकार नाट्यगृहात आला, तेव्हा दुपारच्या खेळाला घरकाम उरकून आलेल्या स्त्रियांनी तो आपलासा केला. या घटनेचे सामाजिक मोल नाके मुरडणाऱ्यांना अद्याप उमगलेले नाही. तेव्हा तक्रार हे प्रकार येतात याची नाही. यांच्याखेरीज दुसरे काही येऊच शकत नाही, ही आहे. आणि जे येते तेही कोणाच्या तरी घामाचे मोल बुडवून येते, ही आहे.

असे का व्हावे? याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधून मिळणार नाही. ते अर्थशास्त्रात आहे. विल्यम बौमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगजीवी कलांच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कारखान्यात यंत्र सुधारले की त्याच माणसाच्या हातून अधिक माल निघतो, आणि म्हणून मजुरी वाढली तरी मालाची किंमत तितकी वाढत नाही. रंगमंचावर हे घडत नाही. पाच पात्रांचे अडीच तासांचे नाटक साठ वर्षांपूर्वी साडेबारा नटतास मागत होते, आजही तितकेच मागते. बाहेरच्या जगात मजुरी, भाडे, इंधन वाढत जाते. नाटकाचा खर्च त्यांच्याबरोबर वाढतो, पण उत्पादकता जागच्या जागी राहते. म्हणून ज्या समाजाला नाटक हवे असेल त्याने ते केवळ तिकिटाच्या पैशावर सोडता कामा नये, असा त्या अभ्यासाचा रोख होता.

आता हेच तत्त्व तालुक्याच्या गावी लावून पाहावे. समजा, आठशे आसनांच्या नाट्यगृहात निम्मी आसने सरासरी अडीचशे रुपयांना गेली. गल्ला झाला एक लाख. नाईट, जेवण आणि मुक्काम धरून माणशी खर्च सरासरी चार हजार मानला, तर पाच नट आणि दहा पडद्यामागचे कामगार अशा पंधरा जणांच्या संचाला साठ हजार लागतील. उरलेल्या चाळीस हजारांत नाट्यगृहाचे भाडे, बस, नेपथ्याचा टेम्पो आणि जाहिरात कशीबशी बसविता येईल. संच तीस जणांचा असेल तर माणसांवरच एक लाख वीस हजार जातात, म्हणजे बसच्या डिझेलचा हिशेब मांडण्यापूर्वीच तोटा सुरू होतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, परंतु हिशेबाची दिशा कोणत्याही व्यवस्थापकाच्या वहीत हीच दिसेल.

या हिशेबाच्या चाळणीतून खाली काय उरते? एका दिवाणखान्यात घडणारे, चार-पाच पात्रांचे, एका टेम्पोत मावणाऱ्या नेपथ्याचे नाटक उरते. खुनाचे रहस्य या मापात जितके चपखल बसते तितके दुसरे काही बसत नाही. बंद खोली आणि मोजके संशयित ही त्या प्रकाराची कलात्मक गरज आहे आणि ठेकेदाराची आर्थिक सोयही. दुसऱ्या बाजूला नेपथ्यच नसलेला, सुट्या सुट्या गीतांचा नृत्यप्रयोग उरतो. त्यात एक नर्तकी आजारी पडली तर दुसरी उभी करता येते, आणि ढोलकी-पेटीवाल्यांच्या जागी ध्वनिमुद्रित संगीत वाजविता येते. चाळणीवर अडकते ते साथीदारांसह उभे राहणारे संगीत नाटक, वीस-पंचवीस पात्रांचे ऐतिहासिक वा सामाजिक नाटक, आणि नवख्या लेखकाचे, नाव नसलेल्या नटांचे पहिलेवहिले धाडस. मग जे चाळणीतून पडले तेच ताटात वाढायचे आणि ‘यांना हेच आवडते’ असे जेवणाऱ्याविषयी बोलायचे, ही कोणती न्यायबुद्धी?

कंत्राटी प्रयोगाची पद्धत ही चाळणी अधिकच बारीक करते. गावातील ठेकेदार निर्मात्याकडून एक प्रयोग ठोक रकमेला विकत घेतो. निर्मात्याचा धोका तेथे संपतो. ठेकेदार आपला धोका कमी करण्यासाठी दूरचित्रवाणीवर दिसलेला एखादा चेहरा मागतो, तिकीट चढवितो, आणि तरीही अंगावर तोटा आला तर जो सर्वांत दुबळा त्याच्या पदरात तो टाकतो. दुबळा कोण, हे सांगायला नको. संध्याकाळी बसमधून उतरून नेपथ्य उभारणारा, मध्यरात्रीनंतर ते उतरवून टेम्पोत भरणारा आणि त्याच बसमध्ये बसल्या बसल्या झोपून दुसऱ्या गावी पोहोचणारा रंगमंच कामगार. आणि त्याच्याही खाली बारीतली नर्तकी. तिच्या कामाला नेमणूकपत्र नसते, गरोदरपणात आधार नसतो, आणि तिशी-पस्तिशीनंतर कामही नसते. टाळेबंदीच्या काळात, मार्च २०२० पासून, नाट्यगृहांचे पडदे जवळजवळ दीड वर्ष या ना त्या स्वरूपात खाली राहिले. तेव्हा या माणसांच्या घरी धान्याची पाकिटे पोहोचविण्याचे काम दानशूरांना करावे लागले. ज्या व्यवसायातील कामगार हंगाम बुडताच भिक्षेवर येतो, त्या व्यवसायात त्याच्या मजुरीतून काहीतरी रोज कापले जात होते, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

शासनाने या क्षेत्राकडे पाहिलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. त्याने पाहिले ते दंडुका हातात घेऊन. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि मग अटी लादून ती उठविली. नाटकाची संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत सुरू केली. २००५ साली बारमधील नृत्यावर बंदी आणली. ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. स्त्रीने कसे नाचावे याची चिंता राज्यकर्त्यांनी पुन्हा पुन्हा केली. नाचणाऱ्या स्त्रीला किती मजुरी मिळते, हा प्रश्न त्यांना पडला नाही. चित्रपट कामगारांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी संसदेने १९८१ साली कायदे केले. रंगमंचाच्या कामगाराला तेवढेही लाभले नाही.

आणि ज्या इमारतीत हे सारे चालते ती कोणाची आहे? ती जनतेची आहे. करदात्याच्या पैशातून उभी राहिली आहे. परंतु नाट्यगृह बांधताना जो उत्साह दिसतो तो बांधकामाच्या कंत्राटापुरता असतो. कोनशिला बसली, फीत कापली, की छप्पर गळू लागते, रंगपटातील नळ कोरडा पडतो, आणि स्त्री-कलावंतांना कपडे बदलण्यासाठी दाराला कडी असलेली खोली मिळाली तर ते भाग्य समजावे लागते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले, तेव्हा सारे शहर हळहळले. त्या संस्थानिकाने नाट्यगृह आणि कुस्तीचे खासबाग मैदान एकमेकांस लागून उभे केले होते. प्रजेचे मनोरंजन ही राज्याची जबाबदारी आहे, आणि त्यात तालीम व तालमी असा वर्णभेद नाही, हे त्याला कळले होते. लोकनियुक्त नगरपालिकांना मात्र ते कळू नये!

यावर ठराविक उत्तर येईल की, आधी पाणी आणि गटारे, मग नाटके. उत्तर दिसायला बिनतोड आहे. पण दुसऱ्या महायुद्धाने कंबर मोडलेल्या ब्रिटनने १९४८ सालच्या स्थानिक शासन कायद्यात नगरपालिकांना पौंडामागे सहा पेन्सपर्यंतच्या स्थानिक कराइतकी रक्कम करमणुकीवर खर्चण्याचा अधिकार दिला, तेव्हा तेथे अन्नधान्याचे रेशनिंग चालू होते. सुबत्ता आल्यावर संस्कृतीचा विचार करू, असे म्हणणाऱ्यांकडे सुबत्ता आली तरी तो विचार येत नाही. शिवाय आजही पैसा खर्च होतोच. पुढाऱ्याच्या वाढदिवशी मैदानात फुकट नृत्याचा कार्यक्रम होतो, त्याची मोठी बिदागी कोणीतरी भरतेच. त्या फुकट्या कार्यक्रमाने तिकिटाचा प्रयोग मरतो, आणि प्रेक्षक ग्राहक होता तो आश्रित होतो. दाम मोजणाऱ्याला ‘आवडले नाही’ म्हणण्याचा हक्क असतो. उपकारात बसलेल्याला तो नसतो.

उपाय अवघड नाहीत. नाट्यगृहाचे भाडे ठोक न ठेवता गल्ल्याच्या प्रमाणात आकारावे, म्हणजे रिकाम्या खुर्च्यांचा भार एकट्या संचावर पडणार नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटावर वस्तू व सेवा कर नाही. नगरपालिकेने त्याही पुढे जाऊन शंभर रुपयांच्या तिकिटाचा एक भाग सक्तीचा करावा आणि त्याबदल्यात भाड्यात सूट द्यावी. दरमहा काही तारखा मोठ्या संचाच्या नाटकांसाठी, स्थानिक हौशी मंडळींसाठी आणि जिवंत साथीच्या लावणीसाठी राखून ठेवाव्यात. सभा-सत्कारासाठी ठरलेला प्रयोग रद्द करण्याची मुभा कोणत्याही पदाधिकाऱ्यास असू नये. जवळजवळच्या पाच-सहा नगरपालिकांनी एकत्र येऊन सलग दौरा ठरविला, तर बसचा आणि टेम्पोचा खर्च वाटला जाईल आणि ठेकेदाराची मधली दलाली उरणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे काम कामगारांचे आहे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून देशाला एक वाट दाखविली. एका मालकाकडे कायम न राबणाऱ्या हमालासाठीही मंडळ स्थापता येते, काम घेणाऱ्याकडून मजुरीबरोबर अधिभार वसूल करता येतो, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचार देता येतो, हे त्या कायद्याने सिद्ध केले. नेपथ्य वाहणारा, प्रकाश सांभाळणारा, ढोलकी वाजविणारा आणि घुंगरू बांधणारी हीदेखील रोज मालक बदलणारी माणसे आहेत. त्यांच्यासाठी तसेच मंडळ का असू नये? ज्या प्रयोगाने मंडळाकडे अधिभार भरला नाही, त्याला सार्वजनिक नाट्यगृहाचे दार उघडू नये, एवढा एक नियम केला तरी निम्मे काम होईल. किल्ली नगरपालिकेच्याच हाती आहे.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी पहिला खेळ केला तो राजाश्रयावर. पुढे नाटक मंडळ्या गावोगाव हिंडल्या आणि रंगभूमी लोकाश्रयावर जगली. आज राजाश्रय उरला नाही आणि लोकाश्रयाच्या नावाखाली ठेकेदाराश्रय चालू आहे. येत्या नगरपालिका सभेत नाट्यगृहाच्या दुरुस्तीचा विषय निघेल तेव्हा नागरिकांनी, शिक्षकांनी, कामगार संघटनांनी आणि महिला मंडळांनी तेथे जाऊन केवळ छपराविषयी बोलून परतू नये. त्या छपराखाली कोणाचा हिशेब चालतो, वर्षभराच्या तारखा कोणाला गेल्या, आणि घुंगरू बांधणारीच्या हाती किती पडले, हे तीन प्रश्न विचारावेत आणि लेखी उत्तर मागावे.