वक्त्याची ओळख अर्धीच का सांगतात?

चुडावा (ता. पूर्णा) ज्या परभणी लोकसभा मतदारसंघात येते, तिथे २०२४ ला तीन वेगळ्याच वाटांनी आलेले उमेदवार समोर होते. संजय जाधव दोनदा आमदार, दोनदा खासदार. महादेव जानकर राष्ट्रीय समाज पक्षाचे संस्थापक, राज्याचे माजी पशुसंवर्धन व दुग्धविकास मंत्री. पंजाबराव डख तर हवामानाच्या अंदाजांमुळे शेतकऱ्यांना ठाऊक. जाधव सुमारे १ लाख ३४ हजार मतांनी निवडून आले.

पूर्वकार्य कळले की प्रश्नही बदलतो. खासदाराला पीकविम्यावर संसदेत काय केले हे विचारावे, माजी मंत्र्याला मराठवाड्याच्या दूध संकलनाचे काय झाले ते. पावसाचा अंदाज सांगणाऱ्याला विम्याचे निकषही कळतात, असे मात्र गृहीत धरू नये.

उमेदवाराला नमुना २६ च्या शपथपत्रात शिक्षण, व्यवसाय, मालमत्ता, गुन्हे लिहावे लागतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही पाहता येते. शेजारी बसलेल्या ‘राजकीय विश्लेषका’ला असे काहीच बंधन नाही. काल एखाद्या पक्षाचा प्रवक्ता असलेला माणूस आज तटस्थ म्हणून बोलू शकतो. त्याची ती ओळख चर्चा सुरू होण्याआधी सांगणे हे संयोजकांचे काम आहे. ते टाळले तर श्रोत्यांनीच उठून विचारावे.