फवारणीची धूळ आणि कंपवात

उसावर केवडा पडला की आपण लगेच फेरस सल्फेट फवारतो. सूक्ष्म अन्नद्रव्य कमी पडले तर पीक पिवळे पडते आणि जादा झाले तर पाने करपतात, हे आता कोणाला शिकवावे लागत नाही. माणसाच्या मेंदूचेही तसेच आहे. लोह, मँगेनीज, तांबे, जस्त त्यालाही लागते, पण चिमूटभरच.

कंपवातात मेंदूतल्या, डोपामीन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हात थरथरतो, चाल मंदावते, अंग ताठते. मेंदूच्या त्याच भागात लोह नेहमीपेक्षा जास्त सापडते. ते आधी साठते की पेशी मेल्यावर, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. मँगेनीजची गोष्ट जुनी आहे. १८३७ साली स्कॉटलंडमध्ये कूपर नावाच्या डॉक्टरने मँगेनीजचे खनिज दळणाऱ्या मजुरांत असाच आजार नोंदवला. तो कंपवाताचा सख्खा नव्हे, चुलतभाऊ. कंपवाताच्या गोळ्या त्याला फारशा लागू पडत नाहीत. अन्नातून आलेले जादा मँगेनीज यकृत बाहेर काढते. श्वासातून गेलेले मात्र यकृताला चुकवून मेंदूपर्यंत पोचते.

तुम्ही म्हणाल, याचा आमच्याशी काय संबंध? द्राक्ष, टोमॅटो, बटाट्यावर आपण मारतो ते मॅन्कोझेब म्हणजे मँगेनीज आणि जस्ताचेच संयुग. मॅनेब हे त्याचे भावंड. कॅलिफोर्नियातल्या २००९ च्या अभ्यासात, मॅनेब आणि पॅराक्वाट दोन्ही फवारलेल्या शेतांपासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्यांत कंपवाताचा धोका ७५ टक्के जास्त दिसला. म्हणून मॅन्कोझेबने कंपवात होतोच, असे मी म्हणत नाही. पण फ्रान्सने २०१२ साली कीडनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा कंपवात हा व्यवसायातून होणारा आजार मानला. शेवटचा पुरावा हाती येईपर्यंत ते थांबले नाहीत.

आपल्याकडे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने माणसे गेली, तेव्हा सरकार हलले. पण वीस वर्षांनी थरथरणाऱ्या हाताचा पंचनामा कोण करणार? ‘वय झालं आता’ म्हणून घरचेही सोडून देतात. त्यातून पंप पाठीवर घेणारा बहुतेक वेळा सालगडी नाहीतर रोजंदारीचा मजूर. त्याच्या नावावर ना सातबारा, ना कुठली नोंद.

माझे मत स्पष्ट आहे. गावोगाव फवारणी करणाऱ्यांची नोंदवही हवी. हात थरथरतो म्हणून आलेल्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘किती वर्षे फवारणी केली?’ हे विचारलेच पाहिजे. आणि मालकांनो, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. चांगला मास्क व हातमोजे तुम्हीच आणून द्या. पावडर वाऱ्याकडे पाठ करून, काठीने ढवळा. त्या हाताने तंबाखू मळू नका. औषधांच्या बिलापुढे मास्कचा खर्च काहीच नाही.